घारीच्या पंखांवरचे ऊन

नागपूर सोडून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदियाच्या पुढे गेली की सालेकसा-दरेकसाचे जंगल लागते. जंगल मागे पडते, डोंगरगडच्या टेकडीवरचे बमलेश्वरीचे देऊळ खिडकीतून दिसते, आणि प्रवासी ओळखतो की आपण छत्तीसगडात आलो. राजनांदगावनंतर शिवनाथ नदीचा पूल येतो, त्यापाठोपाठ दुर्ग. दुर्गला लागूनच भिलाई आहे. एके काळी ही दोन गावे वेगळी होती, आज त्यांच्यामधली सीमा नवख्याला दाखवावी लागते.

भिलाईचे नाव घेताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलाद येते, आणि ते योग्यच आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भाताच्या शेतांच्या या मुलखात केरळपासून पंजाबपर्यंतची माणसे आली, सेक्टरांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि एकाच गल्लीत पाच भाषा नांदू लागल्या. माझे आजोबा १९५८ साली नागपूरहून येथे आले ते त्या माणसांपैकीच. माझी आई इथेच जन्मली. तेव्हा भिलाई माझे आजोळ. तथापि गेल्या जानेवारीत मी तेथे गेले ती आजोळच्या ओढीने नव्हे, एका चुकीपायी.

अनुवाद आणि संपादन हा माझा रोजचा व्यवसाय. एका लेखासोबत शिकारी पक्ष्याचे एक छायाचित्र आले होते. मूळ इंग्रजी ओळीत पक्ष्याचे नेमके नाव नव्हते. मी विचार न करता खाली लिहिले, 'आकाशात विहरणारा गरुड'. अंक वाचकांच्या हाती पडल्यावर भिलाईहून मामांचे कार्ड आले. त्यात दोनच वाक्ये होती : "ज्या पक्ष्याची शेपटी माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली आहे, ती घार. गरुड लिहिण्याआधी एकदा इकडे येऊन वर पाहून जा." मला लाज वाटली. घारीच्या नजरेचे दाखले ऐकत आपण सारे लहानाचे मोठे होतो, पण घार अशी निरखून किती जणांनी पाहिलेली असते? मी रजा टाकली आणि निघाले.

मामांनी सदतीस वर्षे पोलाद कारखान्यात काढली, त्यांतली बरीचशी झोतभट्टीवर. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या लोखंडाचे तापमान सुमारे १५०० अंश सेल्सिअस असते. त्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येत नाही, म्हणून भट्टीवरचा माणूस निळ्या काचेतून पाहतो. आता तापमान मोजणारी उपकरणे आहेत, परंतु जुने लोक धातूच्या रंगावरूनच अंदाज बांधत. लालसर म्हणजे निवत चाललेला, नारिंगी म्हणजे अजून दम असलेला, पिवळा म्हणजे पुरता तापलेला आणि त्याही पुढे पांढरा. प्रकाश वाचणे ही मामांची नोकरीच होती असे म्हटले तरी चालेल. निवृत्तीनंतर त्यांनी तीच विद्या पक्ष्यांकडे वळवली.

त्यांच्या कपाटात आजोबांचा झेनिट कॅमेरा अजून जपून ठेवलेला आहे. शेजारी राहणारे एक रशियन कुटुंब मायदेशी परतताना आजोबांनी तो विकत घेतला होता. त्याच्या शटरचा सर्वांत जास्त वेग सेकंदाचा पाचशेवा भाग. तेवढ्यावर उडता पक्षी पकडणे म्हणजे चालत्या गाडीतून दोरा ओवण्यासारखे. आता मामांकडे मुलाने घेऊन दिलेला नवा कॅमेरा आणि चारशे मिलिमीटरचे लांब भिंग आहे. परंतु प्रकाशाचा हिशेब ते अजून झेनिटच्याच पद्धतीने करतात.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही मरोदा जलाशयाकडे गेलो. बालोदजवळच्या तांदुळा धरणाचे पाणी कालव्याने येथे येते आणि कारखान्याची तहान भागवते. माणसाने यंत्रांसाठी साठवलेल्या या पाण्यावर पक्ष्यांनीही आपला हक्क सांगितला आहे. काठावर उभे राहिले की एका बाजूला धुराड्यांची रांग दिसते, दुसऱ्या बाजूला पाणकणसांचे बेट. भिलाई नागपूरच्या पूर्वेला असल्यामुळे येथे सूर्य सुमारे नऊ मिनिटे आधी उगवतो. जानेवारीत तो पावणेसातच्या सुमारास वर येतो. त्या वेळी पाण्यावर धुके होते आणि डोक्यावर चार घारी घिरट्या घालत होत्या.

मी उत्साहाने चाळीस छायाचित्रे घेतली. घरी येऊन पाहते तो चाळीसही चित्रांत उजळ आभाळावर काळ्या कागदाचे कातरकाम! पिसे नाहीत, डोळा नाही, चोच नाही. मामांनी चष्मा पुसला आणि समजावले, "कॅमेऱ्याचा प्रकाशमापक भोळा असतो गं. तो सगळ्या चित्राची सरासरी काढतो. आभाळ मोठे आणि उजळ, घार छोटी आणि तपकिरी. तो म्हणतो, उजेड फार झाला, कमी करा. मग घार काळी पडते. तीच घार आंब्याच्या गर्द झाडासमोरून गेली, तर तो म्हणतो अंधार फार झाला, वाढवा, आणि घार फिकी पडते. पण मला सांग, त्या दोन क्षणांत घारीवर पडणारे ऊन बदलले का?"

मी म्हटले, नाही.

"मग बदलली ती मागची बाजू. मागच्या बाजूला फसू नये. पक्ष्यावर पडलेले ऊन मोजावे आणि कॅमेरा तेवढ्यावर पक्का बांधून ठेवावा."

ते ऊन मोजण्याची रीत फार जुनी आणि अगदी सोपी आहे. फिल्मची किंवा कॅमेऱ्याची संवेदनक्षमता जितकी असेल, शटरचा वेग सेकंदाचा जवळजवळ तितकावा भाग ठेवायचा. मग लख्ख उन्हात भिंगाचे छिद्र सोळा आकड्यावर. आता जमिनीवरची स्वतःची सावली पाहायची. सावलीची कड चाकूसारखी असेल तर सोळा, कड मऊ झाली असेल तर अकरा, सावली जेमतेम दिसत असेल तर आठ, आणि सावलीच नसेल तर साडेपाच. आकडा लहान होतो तसे छिद्र मोठे होते आणि प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट आत येतो. पक्षी वेगवान असल्यामुळे प्रत्यक्षात शटर जलद हवे. म्हणून संवेदनक्षमता चारशे धरली, तर लख्ख उन्हात सोळा आकडा आणि सेकंदाचा चारशेवा भाग याऐवजी आठ आकडा आणि सेकंदाचा सोळाशेवा भाग घ्यायचा. उजेडाचा हिशेब तोच राहतो, पंखांची थरथर मात्र थांबते. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा त्याचा जोर कमी असतो, म्हणून एखादी-दुसरी पायरी आणखी सोडावी लागते.

हे सारे सांगून झाल्यावर मामा थोडे थांबले आणि म्हणाले, "अडचण एवढीच आहे, की मला आता सावलीची कड दिसत नाही."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्याच आठवड्यात ठरली होती. मोतीबिंदूत डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ आणि पिवळसर होते. समोरून प्रकाश आला की सगळीकडे चकाकी पसरते, निळे रंग मंदावतात. ज्या माणसाने आयुष्यभर रंगावरून उष्णता ओळखली, त्याला ऊन आणि ढग यांतला फरक कळेनासा झाला होता. त्यांच्या मनात एकच चित्र राहिले होते. कापशी घार हवेत एका जागी थांबलेली असावी आणि तिच्या लाल डोळ्यात उन्हाचा ठिपका दिसावा. "शस्त्रक्रिया नीट होईलच," ते म्हणाले, "पण भरवसा कोणी द्यावा? तू मला ऊन सांगत जा. शब्द हा तुझाच धंदा आहे ना?"

कापशी घार ही आपल्या ओळखीच्या घारीहून बरीच लहान, साधारण कावळ्याएवढी. अंग पांढरे-राखी, खांद्यावर काळा डाग, डोळे माणकासारखे. ती शेतावर एकाच ठिकाणी पंख हलवत तरंगते, खाली उंदीर किंवा टोळ दिसला की पाय सोडून उतरते. छत्तीसगडात भात कापण्यापूर्वीच ओल्या जमिनीत लाखोळी टाकण्याची प्रथा आहे, आपल्या पूर्व विदर्भातही ती आहेच. भात निघाल्यावर त्या हिरव्या लाखोळीत उंदीर माजतात आणि कापशी त्यांच्यावर लक्ष ठेवते. शेतकऱ्याची ही बिनपगारी राखणदारीण आहे. छायाचित्रकाराला मात्र ती पेचात टाकते. काळपट घारीला जो उजेड पुरतो, तो कापशीच्या पांढऱ्या पिसांना जास्त होतो आणि पिसांची नक्षी जळून नुसता पांढरा डाग उरतो. म्हणून तिच्यासाठी उजेड अर्धी पायरी आवरता घ्यावा लागतो.

दोन दिवस आम्ही फिरलो. मी ऊन सांगत होते आणि माझ्या लक्षात आले की माझ्याजवळ उन्हासाठी शब्दच नाहीत. मी म्हणे, 'छान ऊन आहे.' मामा म्हणत, 'छान म्हणजे किती?' मी म्हणे, 'कोवळे आहे.' ते विचारत, 'सावली लांब की आखूड, निळसर की काळी, कड तुटक की मऊ?' हळूहळू मी पाहू लागले. सकाळी सातला ऊन तिरपे येते, पक्ष्याच्या छातीवर आणि पंखांच्या खालच्या बाजूवर पडते, म्हणून ही वेळ उडत्या पक्ष्याला अनुकूल. दहानंतर ते वरून पडते, पंखांखाली अंधार होतो आणि तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते. त्या थरथरीत कितीही चांगले भिंग लावले तरी चित्र पाण्यातून पाहिल्यासारखे येते. नेमक्या त्याच वेळी वर चढणाऱ्या गरम हवेवर घारी आणि गरुड आयते उंच जातात. पक्ष्याला जी वेळ सोयीची तीच छायाचित्रकाराला गैरसोयीची. पाण्यावर मात्र एक नवल असते. पाण्यावरून परतणारा उजेड पंखांच्या पोटाला लागतो आणि दुपारीही पिसे दिसतात.

पाणकणसांवरून एक दलदली भोवत्या पंख किंचित वर धरून, जमिनीलगत तरंगत गेला. हा आपल्याकडचा हिवाळी पाहुणा, मध्य आशियाच्या बाजूने येणारा. मामा हसून म्हणाले, "रशियन अभियंते गेले, हे अजून येतात."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जलाशयापलीकडच्या बांधावर एका बाभळीत आम्हाला कापशीचे घरटे दिसले. मादी बसलेली होती. सूर्य आमच्या पाठीशी होता, ऊन मधासारखे आणि सावलीची कड स्वच्छ. मामांच्या मनातले चित्र जणू समोर मांडून ठेवले होते, फक्त पक्षी उडायला हवा होता. बकऱ्या चारणारा एक मुलगा जवळ आला, 'जय जोहार' म्हणाला आणि फांदी हलवून देऊ का असे विचारू लागला. मामांनी मान हलवली. परंतु खरे सांगायचे तर मी तोवर बांधावरून दहा-बारा पावले पुढे गेले होते. फांदी हलवायची गरजच उरली नाही. मादी उठली, बारीक शीळ घालत आमच्याभोवती फिरू लागली. डोळा लाल, पंख सोनेरी, ऊन अगदी हवे तसे. मी ओरडले, "मामा, आठ आणि सोळाशे! आत्ता!"

मामांनी कॅमेरा उचलला नाही. ते म्हणाले, "मागे ये."

मला क्षणभर त्यांचा राग आला. तेवढ्यात शेजारच्या झाडावर दोन कावळे येऊन बसले आणि घरट्याकडे मान वाकडी करून पाहू लागले. मग मला कळले. आम्ही सारे मागे सरलो आणि बांधाच्या उतारावर खाली बसलो. नर कोठूनसा आला आणि कावळ्यांच्या अंगावर गेला. मादी परत घरट्यावर बसेपर्यंत अकरा मिनिटे गेली, मी घड्याळ पाहत होते. त्या अकरा मिनिटांत ऊन गेले. मामांनी मुलाला खिशातल्या भुईमुगाच्या शेंगा दिल्या आणि आम्ही न बोलता परतलो.

रात्री जेवताना त्यांनी एरिक हॉस्किंगची गोष्ट सांगितली. हा इंग्लंडचा नामांकित पक्षी-छायाचित्रकार. १९३७ साली वेल्समध्ये घरट्याजवळ काम करताना एका घुबडाने झडप घातली आणि त्याचा डावा डोळा गेला. तरी तो पुढे आयुष्यभर पक्षीच टिपत राहिला. "लोक ही गोष्ट त्याच्या धैर्यासाठी सांगतात," मामा म्हणाले. "मला त्यात घुबडाची बाजूही दिसते. तिला पिलांखेरीज काय ठाऊक होते? आपला डोळा आणि तिचे घरटे यांत आपण निवड करू शकतो. ती करू शकत नाही."

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांना आणि त्यांच्या अंड्या-घरट्यांना संरक्षण दिले आहे. परंतु बांधावर कायदा उभा नसतो, तेथे माणूसच असतो. शिकारी पक्ष्यांची संख्या मुळातच थोडी असते, कारण ते अन्नसाखळीच्या टोकाला बसतात. खालच्या थरात मिसळलेले विष शेवटी त्यांच्यापर्यंत पोहोचते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने मेलेल्या जनावरांमार्फत आपली गिधाडे काही वर्षांत जवळजवळ नाहीशी केली. त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ साली बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. उलट उदाहरणही आहे. २०१२ साली नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ जाळ्यांत पकडलेल्या हजारो अमूर ससाण्यांची चित्रे जगासमोर आली, लोक हळहळले, आणि पुढच्याच वर्षी तेथल्या गावकऱ्यांनी ती शिकार थांबवली. चित्राची ताकद अशी असते. म्हणूनच ते चित्र कसे मिळवले याचा हिशेब द्यावा लागतो.

माझा परतीचा दिवस उजाडला. गाडी दुपारची होती. पहाटे आम्ही पुन्हा निघालो, पण बाभळीकडे न जाता विरुद्ध दिशेला, लाखोळीच्या शेतांकडे. धुके दाट होते. मामा एका दगडावर बसले, मी शेजारी उभी राहिले.

"सांग," ते म्हणाले.

"सावली नाही. सगळे राखी. समोरच्या ताडाचा बुंधा दिसतो, शेंडा दिसत नाही."

त्यांनी साडेपाच आकडा लावला. थोड्या वेळाने एक कापशी तारेवर येऊन बसली. घरट्याची नव्हे, ती जागा इथून दूर होती. तिने दोनदा शेपटी वरखाली केली आणि शेतावर झेपावली. धुक्यात ती पांढऱ्यावर पांढरी दिसत होती. मामांनी चित्र घेतले नाही.

"आता धुके पूर्वेकडून फाटते आहे," मी सांगत राहिले. "माझी सावली उमटली, कड मऊ. लांबी माझ्या तिप्पट. रंग पिवळट, पण सावलीत निळा." ते बोटांनी चक्र फिरवत होते. "कड अजून मऊ. पक्षी थांबला आहे, तोंड आपल्याकडे. ऊन तिच्या छातीवर आले. आता कड तुटते आहे."

"अर्धी पायरी कमी?"

"हो, पांढरी आहे."

शटर तीनदा वाजले. कापशी खाली उतरली, लाखोळीतून काहीतरी उचलून निघून गेली. आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही. घरी येऊन पाहिले, तर पहिल्या दोन चित्रांत डोके वळलेले होते. तिसऱ्यात पंखांची टोके किंचित पुसट होती, एका पायावर सावली होती, पण छातीवरची पिसे एकेक मोजता येत होती आणि लाल डोळ्यात मोहरीएवढा उजेड होता. मामांनी ते चित्र डोळ्यांच्या अगदी जवळ धरून पाहिले. "रंगांना हात लावू नकोस," ते म्हणाले. "तू सांगितलेस तसे राहू दे."

दुपारच्या गाडीने मी निघाले. दुर्ग सोडताना खिडकीतून वर पाहिले, स्थानकावर घारी फिरत होत्या. दुभंगलेली शेपटी प्रत्येक वळणाला सुकाणूसारखी तिरपी होत होती. इतकी वर्षे मी या स्थानकावर उतरत आले, ही गोष्ट मी प्रथमच पाहिली.

पंधरा दिवसांनी मामांचा दूरध्वनी आला. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. आवाजात लहान मुलासारखे नवल होते. "अगं, आभाळ इतके निळे असते हे मी विसरूनच गेलो होतो! आणि ऐक, गेल्या दोन वर्षांतली माझी सारी चित्रे मी काल पाहिली. मला सगळे पिवळे दिसे, म्हणून मी रंग 'सुधारत' होतो. सगळ्या घारी भलत्याच निळ्या करून ठेवल्या आहेत. एकच चित्र खरे निघाले."

कोणते ते मी विचारले नाही. त्या चित्राची एक प्रत माझ्या टेबलावर आहे. तिच्याखाली काय लिहावे याचा मी बराच विचार केला आणि शेवटी एवढेच लिहिले : 'कापशी घार. भिलाई. जानेवारीची सकाळ, धुके फाटताना.'